गुरुवारच्या भजनात मी ओरडलो

मी एक स्पीकर आहे. वरातीत ट्रकवर रचतात त्या भिंतीतला नव्हे. पाण्याच्या बाटलीएवढा, निळा, पुढे बारीक जाळी आणि मागे अडकवायला दोरी असलेला. मला वायर लागत नाही. एखाद्या फोनशी एकदा ओळख झाली की ती मी विसरत नाही, तो फोन जवळ आला की आपणहून जोडला जातो. खोक्यावर माझा हा गुण मोठ्या अक्षरांत छापला होता. त्याच गुणानं एका गुरुवारी हिंमतरावांच्या अंगणात काय करून ठेवलं, ते मला सांगायचंय. माणसं सावरली. मी अजून पुरता सावरलेलो नाही.

कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते खामगावातलं मोबाईलचं दुकान आणि मला कानाशी धरून उभी असलेली अर्पिता. ती शेगावला कॉलेजात शिकते. दुकानदारानं लावून दाखवलेलं गाणं तिनं थांबवलं आणि म्हणाली, "एकच गानं नोका लावू. वेगवेगळं लावा. मले रोज नवीन ऐका लागते." दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला पिशवीत घातलं, आणि एसटीनं संग्रामपूर, तिथून ऑटोनं आम्ही तिच्या गावी पोहोचलो.

घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. अर्पिताचे आईबाप, राम आणि रुपाली, आठवडी बाजारांच्या मागे असत. आज या गावचा, उद्या त्या गावचा. घरी आणि वावरात तिचे आजीआजोबा, गीताबाई आणि हिंमतराव. हिंमतराव गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याच अंगणात भजन होई. आवाज भरदार, पट्टी चढी. मला पाहिल्या पाहिल्या ते म्हणाले, "गानं म्हंजे देवाचं. बाकी समदा कल्ला. हा डबा मले अंगनात दिसला नाही पायजे."

पण अर्पिता हुशार. तिनं आबांच्या फोनमध्ये तंबोरा भरून दिला आणि तो माझ्यातून वाजवून दाखवला. हिंमतरावांनी डोळे मिटून सूर जुळवला, तो लगेच जुळला. "हे बरं हाये," ते म्हणाले. पुढच्या गुरुवारपासून मला भजनात मानाची जागा मिळाली, मृदंगाशेजारी.

गीताबाईंचं मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. अर्पितानं विचारलं ते वावरात, मिरच्या तोडताना. मला तिनं कुंपणाच्या खांबाला टांगलं होतं.

"आजी, तुले कोनतं गानं आवडते?"

"मले?" गीताबाईंचा हात मिरचीवरच राहिला. "मले काय आवडनार. जे लागलं ते ऐकतो मी."

"असं नाही. तुही आवड सांग."

गीताबाईंनी बराच वेळ विचार केला. एखाद्या माणसाला त्याच्याच घरातली वस्तू कुठे ठेवलीय ते आठवू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी म्हणाल्या, "मालूम नाही वं पोरी."

साठी उलटलेल्या बाईला आपली आवड माहीत नाही, हे ऐकून मला पहिला धक्का बसला. आम्हा स्पीकरांना वाटतं, माणसं आवड घेऊनच जन्माला येतात.

मग नात म्हणाली, शोधून काढू. आणि सुट्टीभर मी रोज काहीतरी नवीन वाजवलं. गझल लागली. गीताबाई म्हणाल्या, "हा माणूस लय सवडीनं रडून राह्यला." रॅप लागलं तेव्हा म्हणाल्या, "हे बाजारातलं भांडन हाये. पन भांडते चांगला." अमेरिकन जॅझवर त्यांचं म्हणणं असं की याचं गाडं कुठं चाललं ते त्यालाच ठाऊक नाही. कव्वाली मात्र त्यांनी पूर्ण ऐकली. त्यांचं माहेर रोहिणखेडचं. लहानपणी उरुसाच्या वेळी घरात बसून ऐकू यायची, म्हणाल्या. लावणीला त्या नकळत गुणगुणल्या, आणि शेजारच्या वावरात कुणी नाही ना ते पाहून गप्प झाल्या.

मला फार मजा येत होती. असं घर मला कुठे मिळणार होतं?

सुट्टी संपत आली होती. त्या दिवशी अर्पिताला बासरी लावायची होती. मिरचीनं हात बरबटलेले, अंगठा टाळत करंगळीनं फोन दाबायला गेली आणि भलतंच दाबलं गेलं. माझ्या पोटातून जे निघालं त्याला मी आधी गाणं समजलोच नाही. ढोल असे, जणू खळ्यावर दोन थ्रेशर एकदम सुरू झालेत. गिटारी करवतीसारख्या. आणि त्यावर एका माणसाचं ओरडणं, घशाची साल निघेल असं. माझा पडदा फाटतो की काय, असं मला वाटलं. बांधावरच्या चिमण्या उडाल्या. अर्पिता घाबरून बंद करायला धावली.

"लागू दे," गीताबाई म्हणाल्या.

त्या मिरचीच्या ओळीत सरळ उभ्या राहिल्या होत्या. ओटीतल्या मिरच्या खाली सांडत होत्या, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. गाणं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कोन व्हय?"

"मेटल म्हनतात याले, आजी. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातले पोट्टे हायेत."

"तो काऊन ओरडून राह्यला?"

"काय मालूम. मले भाषा नाही समजत त्याची."

गीताबाई खाली बसून सांडलेल्या मिरच्या वेचू लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "अजून एक डाव लाव."

मी हादरलो होतो. अर्पिताही. पण ती चांगली पोरगी आहे. हसली नाही, कारण विचारलं नाही. शेगावला परत जाताना मला तिनं आजीजवळ ठेवलं. आजीच्या फोनमध्ये तसली बरीच गाणी भरून दिली, माझी ओळख करून दिली, आणि वरून कानात घालायची वायरही दिली.

वावरात गीताबाई एकट्या असल्या की मी वाजायचो. त्या नाचत नसत, मान डोलवत नसत. खुरपं चालू असे. फक्त ओरडण्याची जागा आली की त्यांचे ओठ घट्ट मिटत आणि मानेची शीर वर येई. मला काही उलगडा होत नव्हता. घरी आलं की मी पुन्हा तंबोरा.

मग तो गुरुवार आला.

अंगणात सतरंजी, मृदंगावर माणिकराव, टाळ घेऊन उकंडराव, आणखी चार माणसं. मी हिंमतरावांच्या फोनवरचा तंबोरा लावून बसलो होतो. भजन ऐन रंगात आलं, आणि त्यांच्या फोनची बॅटरी संपली. तंबोरा थांबला. पण सूर धरला गेला होता, कुणाला जाणवलंही नाही.

मी मोकळा झालो. आणि मोकळा झालो की मी ओळखीचा फोन शोधतो. तो माझा स्वभाव आहे, त्यात मन नाही. ओळखीचा फोन आत स्वयंपाकघरात होता. जोडला गेलो.

पुढच्या क्षणी, देवाच्या नावाच्या मधोमध, मी ओरडलो.

टाळ थांबले. माणिकरावांचा हात मृदंगाच्या वरच राहिला. उकंडराव तर उठूनच उभे राहिले. "हिंमतराव, जनावर शिरलं काय हो घरात?"

हिंमतरावांना आवाज कुठून येतोय ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला दोरीनं उचललं. अंगणात कपडे धुवायचा दगड होता. तिकडे ते चालू लागले. हात वर गेला. मी ओरडतच होतो, मला थांबता येत नव्हतं.

"ठेवा त्याले खाली. ते माहं व्हय."

दारात गीताबाई उभ्या होत्या. हातात चहाचं पातेलं, आणि पदराखालून लोंबणारी कानातली वायर. एका क्षणात सगळ्यांना दिसलं. आत चहा करताना त्या कानात हे लावून बसल्या होत्या. कानातलं एकदम बंद पडलं आणि अंगणात सुरू झालं, म्हणून धावत आल्या होत्या.

माणिकराव हसायला गेले. "वहिनी, या वयात हे?"

"हाव," गीताबाई म्हणाल्या. पातेलं ओट्यावर ठेवलं, फोन बंद केला आणि कपांत चहा ओतायला लागल्या. माणसांनी चहा घेतला, चपला घातल्या. भजन अर्ध्यावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाई अंगण झाडत होत्या, तेव्हा ओसरीवरून हिंमतरावांनी विचारलं, "दर गुरुवारी कानात घालून बसत व्हती?"

"ते यंत्र आलं तवापासून. पह्यले कापूस घाली."

हिंमतरावांना हे लागलं. मी ओसरीतच होतो, मला दिसलं. चाळीस गावांत ज्यांच्या गळ्याची वाहवा, त्यांची बायको कानात कापूस घालून बसत होती.

"माहा आवाज इतका वाईट हाये?"

"आवाज चांगला हाये तुमचा."

"मंग काऊन?"

गीताबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "भागवतले नेलं त्या दिवशी तुमीच भजन म्हटलं व्हतं."

भागवत म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. खामगावच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली, त्याला बरीच वर्षं झाली. ओसरीतल्या फोटोत तो हसतो आहे. हा फोटो कुणाचा, ते मला त्या सकाळी कळलं.

"हाच मृदंग, हेच टाळ," गीताबाई म्हणाल्या. "मी वरडाले लागलो, त तुमी म्हटलं, रडू नोको, देवाचं नाव घे. समद्या बायाले चूप केलं तुमी. मी चूप झालो. तवापासून टाळ वाजला का मले माहं पोरगं उचलून नेताना दिसते. दर गुरुवारी दिसते."

हिंमतराव खांबाला धरून खाली बसले. मग म्हणाले, "मी त त्याच्याचसाठी घरी भजन ठेवलं. त्याच्या आत्म्याले..."

"मालूम हाये मले. तुमाले त्यानं बरं वाटे. म्हनून त कधी बोललो नाही."

"अन् हे? हे काय हाये, हा कल्ला?"

"तो पोट्टा वरडते ना, तवा मले वाटते मीच वरडून राह्यलो." गीताबाईंनी पुन्हा झाडू उचलला. "अन् कोनाले ऐकू बी जात नाही."

मी आजवर हजार गाणी वाजवली असतील. वाजवणारा आपण, ऐकणारा दुसरा, एवढंच मला कळत होतं. ऐकणारा कुणी माझ्या तोंडून स्वतः ओरडत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मंडळ जमलं ते मारोतीच्या देवळात. उकंडरावांनी विचारलं, घरी काय अडचण झाली? हिंमतराव म्हणाले, "घरी नाही सोसत." याहून जास्त त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गावात चर्चा झाली. गीताबाईच्या अंगात काहीतरी शिरलं, तिनं भजन बंद पाडलं, असंही काही जणी नळावर बोलल्या. रुपालीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा गीताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी बंद करा नव्हतं म्हटलं."

"बंद नाही केलं. दूर नेलं," हिंमतराव म्हणाले.

त्यांचं भजन पूर्वीसारखं लागत नाही, असं मी माणिकरावांच्या तोंडून ऐकलं. मधेच थांबतात, म्हणे, आणि कुणाकडे तरी पाहिल्यासारखं करतात.

मागच्या महिन्यात एका दुपारी ते वावरात आले. वांग्याचे क्रेट भरून झाले होते, मी खांबाला टांगलेला होतो. हिंमतराव बांधावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लाव तुहं ते."

गीताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाले नाही सोसनार."

"लाव."

मी सुरू झालो. पहिल्याच ढोलाला हिंमतराव दचकले. गाणाऱ्याचा गळा फाटायला लागला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी बांधावरचं गवत घट्ट धरलं. सुरांत आयुष्य घालवलेला माणूस. त्या आवाजात त्यांना धरायला कुठेच काही सापडत नव्हतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. त्यांची नजर समोर सातपुड्यावर होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

गीताबाईंनी फोनकडे हात नेला. "बंद करू?"

हिंमतरावांनी मान हलवली. "नोको. संपू दे त्याले. पुरं वरडू दे."

मी शेवटपर्यंत वाजलो. मग दोघांनी मिळून क्रेट उचलून बांधावर आणले.

आता माझी दोरी तुटली आहे, सुतळी बांधली आहे. जाळीत माती बसली, एका अंगानं मी फरफरतो. चार्जिंगही पूर्वीसारखं टिकत नाही. अर्पिता सुट्टीला आली की नवीन काही घेऊन येते, गीताबाई त्यावर आपलं मत देतात, आणि काही आवडलं नाही तर आता स्पष्ट सांगतात. हिंमतरावांना मेटल आवडलेलं नाही. गीताबाई अजून भजनाला जात नाहीत. दोघंही हे एकमेकांना लपवत नाहीत.

मी बंद पडेन त्याआधी एक मागणं. तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला घेऊन एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा आणि विचारा, तुझ्यासाठी काय लावू? "काहीही लाव," असं उत्तर येईल. तेवढ्यावर परत फिरू नका. पुन्हा विचारा.