दिपालीचा मोबाईल कुठं कुठं गेला

मी दिपालीचा मोबाईल बोलतोय. मला घरी आणलं त्या दिवशी तिनं आधी देवापुढं ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं, पण तिची श्रद्धा मोठी!

दिपाली एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करते. तिथल्या चनमल्लप्पा साहेबांनी माझ्यात हजेरीचं ॲप टाकायला लावलं. ॲपनं ठावठिकाणा कळवायची परवानगी मागितली, तिनं न वाचताच 'होय' दाबलं. तेव्हापासून ती बाजारात जावो की माहेरी, मी साहेबांना सांगत राहायचो. जिवाला लागायचं, पण माझ्या हातात काय होतं?

मार्गशीर्षातला गुरुवार आला. सासूबाई म्हाळसाबाईंना अक्षरओळख नाही; महालक्ष्मीची कथा मीच ऐकवतो. "आज फोन हितंच ठेव गं. बाया खोळंबल्यात," त्या म्हणाल्या. मला ठेवून दिपाली कामावर गेली, आणि मी म्हाळसाबाईंच्या पदराआडून घरोघर फिरलो. प्रत्येक घरी मला पाट, वर फूल. असा मान कधी मिळाला नव्हता!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दिपालीला बोलावलं.

"काल कामाच्या वेळेत हळदीकुंकवाला फिरत होतीस?"

"न्हाय साहेब, मी हितंच हुते की! फोन घरी हुता."

"हा बघ ॲपचा नकाशा, तो खोटं बोलत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

दिपालीनं मला मुठीत घट्ट धरलं. मग तिनं धीर करून नकाशावर बोट ठेवलं. "ह्यो शेवटचा ठिपका तुमच्याच घरावर हाय. वहिनींना इचारा."

साहेबांनी घरी बायकोला फोन लावून काल दिपाली आली होती का, ते विचारलं. पलीकडून निंगव्वा वहिनींचा आवाज खोलीभर घुमला, "अय्यो, दिपाली कुटली? म्हाळसाबाई आल्या हुत्या तिचा फोन घिऊन कथेला! आनि तुमी बायकांच्या हळदीकुंकवात डोकावताय व्हय? लाज न्हाय वाटत?"

दाराशी उभ्या पॅकिंगच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दिपाली मात्र हसली नाही. "कामाचा जाब कामावर मागा साहेब. आमच्या देवाम्होरं तुमी कशाला बसताय?"

नकाशा बंद करून साहेब खुर्चीतून उठले. मग हळूच म्हणाले, "चुकलं. कामावर ये. ते ॲप सगळ्यांनीच काढून टाका."

आता हजेरीला फाटकावर अंगठ्याचं यंत्र आहे. माझी काच तडकलीय, बॅटरीही थकलीय, पण मन हलकं आहे. बायांनो, परवानगी मागितली की आधी वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. दिपालीला देवी पावली, तशी तुम्हालाही पावो.

परवा सुट्टीला दिपाली मला घेऊन बाहेर गेली होती. कुठं, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.