फक्त प्रौढांसाठी, म्हणून वाचलो

मित्रांनो, पानं पिवळी पडली, पिना गंजल्या, पण माझी खोड काही गेलेली नाही. मी ‘खाजकुयली’ नावाच्या मासिकाचा एक जुना अंक आहे. सगळा चित्रकथांचा, आणि सगळा टवाळ! १९९४ साली सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला.

दशरथ नावाच्या चित्रकारांनी मला एकट्याने काढलं. तेव्हा चित्रकथा म्हणजे पोरांचा खाऊ, असंच सगळे धरून चालत. माझ्यात मात्र परदेशी कंपन्यांपुढे लोटांगण घालणारे पुढारी होते, केबलपायी भाजी करपवणारी घरं होती आणि हिंजवडीची शेतं हुंगत फिरणारा बिल्डर होता. पोरांना काय कळणार? म्हणून दशरथांनी मुखपृष्ठावर ठळक छापलं, ‘फक्त प्रौढांसाठी’. तिथेच घोळ झाला. दुकानदार मला वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडेतिकडे बघत विकू लागले. एक गृहस्थ तर दुसऱ्याच दिवशी तणतणत परत आले.

“अहो, यात तसलं काहीच नाही!”

“आहे की,” दुकानदार म्हणाला, “डोकं लागतं.”

आणखी एक फजिती सांगतो. त्या वेळी संवाद वेगळ्या कागदावर लिहून, कापून, चित्रातल्या फुग्यांत चिकटवत. माझ्या शेवटच्या चौकटीतली चिठ्ठी छापखान्यात गळून पडली. बिल्डर शेतकरीण मावशीपुढे जमिनीचा कागद धरून म्हणतोय, “मावशी, इथं अंगठा उठवा,” आणि मावशीचा फुगा कोरा! दशरथांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्यानंतर मासिक बंदच पडलं. माझी भावंडं लगद्यात गेली. फार वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

मी बचावलो तो विमलाबाईंमुळे. पेठेतल्या वाचनालयाच्या या ग्रंथपाल. त्यांनी मला न उघडताच मुखपृष्ठावरचं ‘प्रौढांसाठी’ एवढंच वाचलं आणि प्रौढ साक्षरता वर्गाच्या गठ्ठ्यात घातलं. मी थेट हिंजवडीला!

तिथे तुळजाबाई अक्षरं गिरवत होत्या. दिवसभर शेतात राबून आलेल्या, हात राठ. आधी चित्र बघायचं, मग शब्द लावायचा, असं करत त्या माझ्यावरच वाचायला शिकल्या. मध्येच खुदकन हसायच्या, तेव्हा माझ्या जिवाला बरं वाटायचं. वर्ग संपला तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी मला त्यांनाच देऊन टाकलं. मी त्यांच्या ट्रंकेत राहिलो, आणि बाहेर शेतांच्या जागी कंपन्यांच्या काचा उभ्या राहिल्या.

२००७ साली सृष्टी नावाची मुलगी मोठ्यांसाठीच्या चित्रकथांचा इतिहास लिहीत होती. म्हातारे झालेले दशरथ तिला सांगत, “मीही काढल्या होत्या.” पण त्यांच्याजवळ दाखवायला एक पान नव्हतं.

“काका, अंकच मिळाला नाही, तर तुमचं नाव कसं घालू?” ती म्हणाली.

शेवटी तिने ‘हा अंक कुणाकडे आहे का?’ असं वर्तमानपत्रात छोटंसं निवेदन दिलं. ते वाचलं कुणी, सांगा बरं! तुळजाबाईंनी. स्वतः, चष्मा लावून.

मला पिशवीत घालून त्या दोन बस बदलत पेठेत आल्या. दशरथांनी मला हातात घेतलं आणि “हुश्श!” करून खालीच बसले. मलाही सुटल्यासारखं झालं. त्यांनी शेवटचं पान उघडलं. मावशीच्या कोऱ्या फुग्यात पेन्सिलीने वेडंवाकडं लिहिलं होतं, ‘थांब. आदी वाचू दे.’

तुळजाबाई ओशाळल्या. “माफ करा बरं का. जागा मोकळी दिसली, म्हनलं गिरवायाच ठिवली आसंल.”

“काका, मूळ वाक्य काय होतं?” सृष्टीने विचारलं. “पुस्तकात तेच घालू.”

“आठवत नाही. आणि आठवलं, तरी सांगणार नाही,” दशरथ म्हणाले. “असंच छापा, ‘आदी’सकट. आणि माझ्या नावाशेजारी बाईंचं नाव घाला.”

म्हणून सांगतो मित्रांनो, रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आम्हाला एकदा उघडून बघत जा. तुळजाबाई वाचायला शिकल्या, म्हणून मी वाचलो.