अरादच्या अंगणातला डबा

रत्नाबाई गुहागरहून बहरीनला मुलाकडे आल्याला आठ महिने होत आले होते. कैलास आणि सून रुपाली सकाळी सातलाच कामावर जात, आणि मग अराद भागातल्या त्या फ्लॅटमध्ये बाईंना दिवस खायला उठे. कैलासचा एक साहेब नोकरी संपवून मायदेशी परतताना आपलं धातू शोधायचं यंत्र त्याच्याकडे टाकून गेला. कैलासने ते कपाटावर चढवलं. बाईंनी ते खाली उतरवलं.

रुपालीने दोन बटणं समजावून दिली. पदर खोचून, कानाला हेडफोन लावून रत्नाबाई किनाऱ्यालगतच्या बागेत फिरू लागल्या. यंत्र किणकिणलं की उकिडव्या बसत आणि जुन्या उलथन्याने वाळू उकरत. गावच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून सराव झालेला हात तो. बाटल्यांची झाकणं मिळत, क्वचित शंभर फिल्सचं नाणं. जुनं नाणं मात्र दिसेना.

जानेवारीत एका सकाळी त्या अरादच्या जुन्या किल्ल्याकडे वळल्या. यंत्र सुरू करतात तोच रखवालदार उस्मान आला. ही सरकारी जागा, इथे यंत्र लावायला आणि खणायला मनाई आहे, असं त्याने हिंदीत अदबीने सांगितलं. बाई ओशाळून निघाल्या. तेवढ्यात बाकावर बसलेली एक अबाया घातलेली बाई मागून आली. तिचं नाव अकीला. ती इस्पितळात काम करायची आणि सोबतच्या भारतीय नर्सांमुळे हिंदी छान बोलायची.

अकीलाची आई पंच्याऐंशीची होती. लहानपणी तिने अंगणात एक पत्र्याचा डबा पुरला होता म्हणे. दहा दिवसांत ते जुनं घर पाडणार होते आणि म्हातारीने एकच धोशा लावला होता, माझा डबा काढा. भावांनी खजुराच्या झाडाखाली दोनदा खणलं, काही मिळालं नाही. आई हल्ली माणसंही विसरते, काहीबाही बोलते, म्हणून त्यांनी नाद सोडला. तुमचं यंत्र आणाल का, असं अकीलाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी रत्नाबाई गेल्या. अंगणभर खिळे, तारा, सळ्यांचे तुकडे होते. यंत्र पावलोपावली ओरडत होतं. दोन तास गेले, कंबर धरली. म्हातारी खुर्चीत बसून नुसती बघत होती. तिचा धाकटा मुलगा म्हणाला, खलास, आता पुरे.

रत्नाबाईंनी हेडफोन काढले. "डबा कुठे आहे ते नका विचारू त्यांना," त्या अकीलाला म्हणाल्या. "त्या दिवशी त्या कशा गेल्या, ते चालून दाखवा म्हणावं."

म्हातारी उठली. रत्नाबाईंचा हात धरून स्वयंपाकघराच्या दारातून निघाली, विहिरीच्या कठड्यापाशी वळली, भिंतीजवळ जाऊन थांबली आणि टाचेने जमीन दाबली. यंत्र तिथे एकसारखं वाजलं.

हातभर खाली गंजून चाळण झालेला डबा निघाला. आत दोऱ्याचे तंतू आणि हिरवी पडलेली तांब्याची नाणी होती, प्रत्येकाला मधोमध भोक. रत्नाबाईंनी एक बोटाने पुसलं.

"भोकाचा पैसा," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, हा तर आमच्याकडचा."

त्या काळी इथे हिंदुस्थानचंच चलन चालायचं, असं अकीलाने सांगितलं. म्हातारी नाणं तळव्यावर घेऊन "आना, रुबिया" पुटपुटत होती. ते शब्द तिला आणि रत्नाबाईंना सारखेच कळत होते. मग ती बराच वेळ बोलली, न अडखळता, आणि अकीला ते हिंदीत सांगत गेली. तिचे वडील गलबतावर खलाशी होते, खजूर घेऊन मुंबईला जात. परतल्यावर तिला एक पैसा देत. तिकिटापुरते जमले की आपल्यालाही नेतील, या आशेने तिने ते साठवले होते. एका फेरीनंतर वडील परतलेच नाहीत.

धाकटा मुलगा मातीत गुडघे टेकून बसला होता. त्याने आईचा मातीने भरलेला हात कपाळाला लावला. "माझं चुकलं," तो म्हणाला.

म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण विचारलं रत्नाबाईंना: समुद्र कोणत्या महिन्यात शांत असतो?

आता विमान आहे, चार तासांत पोचतं, असं बाईंनी सांगितलं. आपण एप्रिलमध्ये गावी चाललोय, तेही बोलून गेल्या. अकीला हसली. मग हसायची थांबली आणि आईचा पासपोर्ट कुठे आहे ते भावाला विचारू लागली.

संध्याकाळी कैलास घरी आला, तेव्हा आईने आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याकडे काही मागितलं. मुंबईची तीन तिकिटं, आणि त्यातली एक जागा खिडकीची.