दात आवळून वाचणारी मुलं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नाबिग्नाचे फोटो काढणारा नव्हे. मुलं वाचत असताना त्यांची नजर ओळीवरून कशी सरकते, ते मी टिपत असे. दक्षिण हंगेरीतल्या एका विद्यापीठात मला घडवलं. हुशार असूनही काही मुलं वाचताना का अडखळतात, म्हणजे डिस्लेक्सिया कशाने होतो, हे तिथे शोधत होते. दोष डोळ्यांतच असणार, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. त्यामुळे माझी फार वट होती.

माझ्यासमोर डोकं हलून चालत नसे. म्हणून मुलं मेणाची पट्टी दातांत घट्ट धरून मनातल्या मनात वाचायची. एमोके नावाची मुलगीही अशीच बसायची. वाचन सुधारलं नाही तर तिला शाळेतून काढून मतिमंदांच्या शाळेत घालणार होते. तिची नजर सारखी मागे जायची. मी ते इमानेइतबारे टिपलं. प्राध्यापक बोद्रोगींनी तिला डोळ्यांचे व्यायाम दिले. बिचारीने वर्षभर केले, पण काडीचाही फरक पडला नाही.

मग ओर्शोया नावाची नवी संशोधक आली. तिने पट्टी बाजूला ठेवली.

"एमोके, मोठ्याने वाच बरं."

"इथे तोंड उघडायचं नसतं ना?"

"आज उघड. चुकलीस तरी चालेल."

एमोके वाचू लागली. शब्दातले आवाज तिला सुटे करता येत नव्हते. शब्द लागत नव्हता, म्हणून नजर मागे फिरत होती.

ओर्शोया प्राध्यापक बोद्रोगींकडे वळली. "सर, हिचे डोळे ठणठणीत आहेत. घोळ आवाजांचा आहे."

"मग इतकी वर्षं आपण बघत काय होतो?"

"बघतच होतो, सर. ऐकलं कुणी?"

ओर्शोयाने तिला आवाज सुटे करायला शिकवलं. एमोके आपल्याच शाळेत राहिली. मला खूप आनंद झाला. माझी खोली मात्र ओस पडली. संशोधनाचा वारा आधी आवाजांकडे वळला, नंतर मेंदूच्या चित्रांकडे. मला तळघरात ठेवलं. इथे मला फार एकटं वाटतं.

परवा दोन विद्यार्थी मोडक्या खुर्च्या ठेवायला आले होते.

"वरचं नवं मशीन पाहिलंस? पोरगं आत सरकवायचं, की मेंदूचं चित्र हजर."

"आणि पोरगं काय करतं?"

"काय करणार? हलायचं नाही, बोलायचं नाही. गप पडून राहतं."

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण ते मूल बाहेर आलं, की चित्र बघायला धावण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळा, वाचताना तुला काय होतं?"