खिरापत ओळखेपर्यंत

“बाई, तो टेम्पो आत घेतोय. हत्तीवर जाईल ना,” हर्षित धापा टाकत सांगायला आला.

तुळसाबाईंनी हातातला खडू ठेवला नाही. शाळेच्या अंगणात मधोमध पाट मांडला होता, पाटावर त्यांनी काढलेला हत्ती होता आणि हत्तीच्या गळ्यातली झेंडूची माळ अर्धी राहिली होती. ती त्यांनी सावकाश पुरी केली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फाटकाकडे निघाल्या.

टेम्पोची मागची बाजू फाटकात शिरली होती. शेजारी केंद्रप्रमुख साने उभे होते. आजूबाजूच्या दहाबारा शाळा त्यांच्या देखरेखीखाली होत्या. वयाने ते तुळसाबाईंच्या मुलाएवढे.

“बाई, मी तुम्हाला फोन केलेला,” साने म्हणाले.

“काल आला होता. तुम्ही म्हणालात, बाकं न्यायला गाडी पाठवतोय. मी म्हटलं, उद्या आमचा भोंडला आहे. तेवढ्यात फोन बंद झाला.”

“रेंज गेली.”

“गेली असेल.”

टेम्पोवाल्या सीतारामने खिडकीतून डोकं काढलं. “मॅडम, पोरं जरा साइडला घ्या ना. मला सामान भरून लगेच निघायचंय. आज खंडेनवमी आहे, संध्याकाळच्या आत गाडी धुऊन पूजेला लावायचीय. शेठ बोंबलेल.”

“पूजा चुकवू नका,” तुळसाबाई म्हणाल्या. “पण भोंडला मांडलाय. तो मोडून गाडी आत घेता येणार नाही.”

मोहन्याच्या कामगार वसाहतीमागची ही शाळा एकेकाळी दोन पाळ्यांत भरायची. कारखाना बंद झाला, माणसं पांगली, मुलं कमी होत होत अठरा राहिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर या अठरा जणांनी मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जायचं, असं वरून ठरलं होतं. त्या रस्त्यावर दिवसभर डंपर धावायचे. पालकांनी विरोध केला होता. परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांना कार्यालयात सुनावणीला बोलावलं होतं. पण तुळसाबाईंनी शेजारच्या वाडीतली शाळा बंद होताना पाहिली होती. तिथे आधी बाकं गेली. रिकामा वर्ग पाहून आईबापांचा धीर सुटला आणि सुनावणीच्या आधीच निम्म्यांनी दाखले काढले. बाकं आज गेली, तर परवा भांडायला कोणी उरणार नव्हतं.

त्यांचं स्वतःचं काही बुडणार नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती कल्याणच्या एखाद्या चांगल्या शाळेत, पंख्याखाली गेली असती. पूर्वी तशी बदली चालूनही आली होती. नवरा, नाथा, तेव्हा म्हणाला होता, “जा की. इथं काय ठेवलंय?” त्या गेल्या नाहीत. कारण विचारलं तर त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्या वर्षी पहिलीतल्या एका मुलाला नुकतं वाचता यायला लागलं होतं, एवढंच त्यांना आठवायचं.

“चला गं,” त्यांनी हाक दिली. “मुलगे पण या. अठरांतून मुलगे वगळले तर रिंगण होत नाही.”

“मला नाय येत नाचायला,” हर्षित पुटपुटला.

“नाचायचं नाही. चालायचं आहे. चालता येतं ना?”

मुलांनी हात धरले. वसाहतीतल्या बायका टेम्पोचा आवाज ऐकून आल्याच होत्या, त्याही फेरात शिरल्या. नातू याच शाळेत असलेल्या गंगुबाई काठी भिंतीला टेकवून पुढे झाल्या. “मला धरा रे कुणीतरी. पडले तर ह्या साहेबाच्या अंगावर पडंन.”

रिंगण मोठं होत होत फाटकापर्यंत पोचलं. सीतारामने इंजिन बंद केलं.

गणपतीचं गाणं झालं. सासू-सुनेचं लांबलचक गाणं झालं. साने घड्याळ बघत आणि फोनवर हळू आवाजात बोलत होते. गंगुबाईंनी एक गाणं तिथल्या तिथे रचलं:

“टेम्पोवाल्या भाऊ रे,
बाकाला हात नको लावू रे.”

मुलं खिदळली. सीतारामही हसला आणि मग साहेबांनी पाहिलं का म्हणून वळून बघितलं.

तुळसाबाईंनी फडक्याने झाकलेला मोठा डबा आणून पाटाशेजारी ठेवला. त्यांच्या शाळेतली रीत अशी, की तीन उत्तरं चुकली की पुन्हा एक गाणं, आणि खिरापत ओळखल्याशिवाय भोंडला मोडायचा नाही. त्यांना वाटलं, संपलंच आता. डब्यातून ओल्या, उकडलेल्या शेंगांचा वास अंगणभर सुटला होता. सकाळी नळाखाली त्या शेंगांची माती चौथीतल्या करिश्माने स्वतःच्या हाताने धुतली होती. फार तर एक मिनिट लागणार होतं. तोवर दुसरं काय करता येईल, याचा विचार करत त्यांनी डबा हलवला.

“सांगा, काय आहे? करिश्मा?”

करिश्माने टेम्पोकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“शिरा,” ती म्हणाली.

तुळसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. करिश्माचा चेहरा अगदी सरळ होता. काल संध्याकाळी गंगुबाईंच्या दारात मोठी माणसं बाकांबद्दल बोलत होती, तेव्हा ही पोरं तिथेच पायरीवर बसलेली होती.

“चूक,” तुळसाबाई म्हणाल्या. “हर्षित?”

“पाणीपुरी.”

“चूक.”

“मंचुरियन,” मागून कोणीतरी ओरडलं.

“तीन झाली. पुन्हा गाणं.”

रिंगण पुन्हा फिरलं. शिकवताना तुळसाबाईंची एकच पद्धत होती, थांबायची. एखाद्याला हातचा घ्यायला जमेना, तर त्याच्या बाकावर शेजारी बसून राहायच्या, त्याचं त्याला सुचेपर्यंत. आज मुलं त्यांच्यासाठी थांबली होती.

“गोड की तिखट?” करिश्माने विचारलं.

“खारट.”

“मग श्रीखंड.”

बायकांचा फेर हसून विस्कटला, पुन्हा जुळला. श्रीखंडानंतर बर्फाचा गोळा आला, मग कोळशाची भाजी आली. पहिलीतल्या पिंट्याला मात्र राहवेना. त्याने “शें” म्हणेपर्यंत करिश्माने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“तो शेंगदाण्याची चटणी म्हणतोय बाई.”

“तीही चूक.”

साने पुढे आले. “बाई, शेंगा आहेत त्या. इथपर्यंत वास येतोय. झालं ना आता?”

रिंगण थांबलं. मुलं बाईंकडे बघू लागली.

“बरोबर असेल,” तुळसाबाई म्हणाल्या. “पण रिंगणाबाहेरचं उत्तर धरत नाहीत, साहेब.”

“या की आत,” गंगुबाई म्हणाल्या. “बूट काढा, पोरांचे हात धरा, दोन फेरे मारा. मग सांगा काय सांगायचं ते.”

सान्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी तुळसाबाईंना खुणेने बाजूला बोलावलं, पण बाई रिंगणातून हलल्या नाहीत. शेवटी त्यांना तिथूनच बोलावं लागलं, सगळ्यांसमोर.

“बाई, मला यात काही आनंद नाहीये. मला वर उत्तर द्यावं लागतं.”

“मलाही द्यावं लागतं. या अठरा जणांना.”

“मी लिहून कळवणार. तुम्ही गाडी अडवलीत म्हणून.”

“कळवा. माझं नाव पूर्ण लिहा. तुळसा नाथा पाटील. गाडी कशामुळे अडली तेही लिहा. भोंडला चालू होता, आणि मुलांना खिरापत ओळखता येत नव्हती.”

“हे कोण खरं मानेल?”

“आमची मुलं अभ्यासात कच्ची आहेत, असं तुमच्याच अहवालात आहे ना? मग मानतील की.”

बायकांत खसखस पिकली. तुळसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा पुन्हा हलवला. “हं, पुढे कोण?”

“साबुदाणा वडा,” हर्षित म्हणाला. आता तो छान तालात चालत होता.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. सीतारामचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा बोलून झाल्यावर तो सान्यांजवळ आला. “साहेब, मी चाललो. शेठ शिव्या घालतोय. परवा दुपारी येतो पाहिजे तर.”

“अरे, पण भाडं ठरलंय आपलं.”

“बाया-पोरांवर गाडी घालू काय? सणाचा दिवस आहे.” तो गाडीत चढला. तुळसाबाईंकडे न बघताच म्हणाला, “फाटक लावून घ्या, मॅडम.”

टेम्पो गेला. साने थोडा वेळ उभे राहिले, मग मोटरसायकल सुरू करून तेही गेले. आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत मुलं फेर धरून चालत राहिली. कोणी सांगितलं नव्हतं.

मग करिश्मा थांबली. “शेंगा, बाई.”

“भाजलेल्या की उकडलेल्या?”

“उकडलेल्या. मीच धुतलेल्या.”

“बरोबर,” तुळसाबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला.

शेंगा खात बायका परवा कोणी कोणी जायचं ते ठरवू लागल्या. कोणी कामाचा खाडा करणार होती, कोणी नवऱ्यालाही नेणार होती. “आणि त्यांनी नाही ऐकलं तर?” एकीने विचारलं. गंगुबाईंनी एक शेंग फोडली, दाणे नातवाच्या हातावर ठेवले. “आधी जाऊ तर खरं,” त्या म्हणाल्या.

तिन्हीसांजेला सगळी पांगली. तुळसाबाईंनी टरफलं गोळा केली, पाट उचलून वर्गात ठेवला. बाकं होती तशीच होती, कोणाचं तरी दप्तर एकावर विसरलेलं. त्या कुलूप घेऊन बाहेर आल्या.

अंगणातल्या मातीत पावलांचं मोठं गोल रिंगण उमटलं होतं, एकावर एक, लहान आणि मोठी, अनवाणी. टेम्पोच्या चाकांच्या खुणा फाटकाशीच थांबलेल्या होत्या. रोज तुळसाबाई सरळ मधून जात. आज त्या भिंतीच्या कडेकडेने चालत गेल्या आणि बाहेरून फाटक ओढून घेतलं.