आठही दिवे लागले होते

मी शफीभाईंचा टेस्टर बोलतोय. तळहातावर मावेल एवढा काळा डबा, पोटात चौकोनी बॅटरी आणि छातीवर आठ हिरवे दिवे. माझा एक धाकटा भाऊही आहे. कॉम्प्युटरच्या वायरीत आठ बारीक तारा असतात. वायरीच्या एका टोकाला मला लावतात, दुसऱ्या टोकाला त्याला. तार सलग असली की तिचा दिवा लागतो, तुटलेली असली की लागत नाही. एवढंच मला येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवते ती पुण्याच्या तपकीर गल्लीतली काचपेटी आणि २००१ सालचा उन्हाळा. शफीभाईंचं जुन्नरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. रेडिओ कुणी आणेनासं झालं, तेव्हा त्यांनी येडगावच्या कुंडलिकभाऊंना सोबत घेतलं आणि कॉम्प्युटरच्या वायरिंगची कामं धरली; त्यासाठीच मला विकत आणलं. कुंडलिकभाऊ आधी विहिरीवरच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचे. हाताला कमालीची सफाई.

तेव्हा माझे फार लाड झाले. शफीभाईंच्या बायकोने, नूरबीभाभींनी, माझ्यासाठी जुन्या चादरीची पिशवी शिवली होती. वायर टाकून झाली की सगळे माझ्याभोवती जमत. दुकानदार, त्याचा भाऊ, शेजारचा न्हावीसुद्धा. एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत, आणि आठवा दिवा लागला की चहा सांगितलाच म्हणून समजा. माणसांना दिवा लागलेला फार आवडतो. मीही चढून गेलो. आपण म्हणू तेच खरं, असं मला वाटू लागलं.

आता चूक सांगतो. वायरीतल्या त्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पिळलेल्या असतात. टोकाला प्लग बसवताना हिरवी जोडी थोडी फाकवायची आणि तिच्यामध्ये निळी जोडी घालायची, असं वायरीसोबत मिळालेल्या तक्त्यात छापलेलं होतं. कुंडलिकभाऊंना ते मुळीच पटेना.

"शफीभाई, जोड कशापाई फोडायची? बैलजोडी कुणी फोडून जुपतं का? दोनी टोकांला सारखंच लावलं म्हंजे झालं की."

शफीभाईंनी मला लावून पाहिलं. मी आठही दिवे ओळीने लावले.

"लागलं की समदं! मग बरोबर हाय," शफीभाई म्हणाले.

त्या दिवसापासून तीच पद्धत पडली. मला कोण सांगणार, की कुठली तार कुणाशी पिळली आहे ते मला दिसतच नाही? जुन्नरच्या दुकानांत दहा-पंधरा फुटांच्या वायरी. तेवढ्या अंतरावर सगळं चाललं आणि चार वर्षं कुणाला काही कळलं नाही.

२००५ साली पेठ गावच्या अक्षदाचं काम आलं. पुण्यातली नोकरी सोडून तिने हायवेला खताच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास काढला होता. नोकरदारांना लागते त्या कॉम्प्युटर परीक्षेचं केंद्र तिला मिळालं होतं. मुख्य मशीन पुढच्या खोलीत, परीक्षेची बारा मशीनं मागच्या खोलीत, आणि मध्ये गोदामाच्या पत्र्यावरून दीडशे फूट वायर.

"काका, तीनदा परीक्षा मधेच तुटली की केंद्र काढून घेतात," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "केंद्र गेलं तर माझ्याकडे शिकायला कोण येणार?"

"पोरी, काळजी करू नको. टेस्टर हाय आपल्याकडं," शफीभाई म्हणाले.

एकेकटं मशीन लावलं की झकास चालायचं. पहिल्या परीक्षेला बाराही जण एकदम बसले आणि अर्ध्या तासात सगळे पडदे गोठले. तळेघरचे जानकू गुरुजी पहाटे दोन कोस चालून एसटीला लागले होते. पन्नाशीचा माणूस, एका बोटाने टाइप करायचा. ते उठून म्हणाले, "बाई, माझी उत्तरं कुठं गेली?" अक्षदाने शफीभाईंना बोलावून घेतलं.

शफीभाईंनी मला प्रत्येक वायरीला लावलं. आठ. आठ. आठ. "वायर ओके हाय. मशीनमधी लफडं आसंल." अक्षदाने मशीनं उघडून सगळं बदललं. दुसऱ्या परीक्षेलाही तेच. मग विजेवर खापर फुटलं. तिसऱ्या परीक्षेच्या आधी ती म्हणाली, "काका, वायरच काढून एकदा नवीन टाकू या का? मला शंका येतेय."

शफीभाईंना ते लागलं. "आठ दिवं लागत्यात, अन् तू वायर बदल म्हनतीस? लई शिकलीस म्हून?"

वायर तशीच राहिली. मला तोंड असतं तर 'तिचं ऐका' म्हणून मी ओरडलो असतो, असं आज वाटतं. पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तिचा रागच आला होता.

तिसरी परीक्षा विसाव्या मिनिटाला तुटली.

केंद्र बंद करायला पुण्याहून एक माणूस आला. त्याच्याजवळ पडद्याचं मोठं यंत्र होतं. अक्षदाने विनवल्यावर त्याने ते वायरीला लावलं आणि मिनिटभरात म्हणाला, "तारा सलग आहेत, पण जोड्या चुकल्यात. मशीन तिसरी आणि सहावी तार जोडी म्हणून धरतं, इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या आहेत. त्यामुळे एका जोडीतला संदेश दुसरीत मिसळतोय. एक-दोन मशीनं कशीबशी निभावतात, बारा एकदम बसली की सगळं कोलमडतं."

कुंडलिकभाऊ पुढे झाले. "चूक माझी हाय, पोरी."

"न्हाई, माझी," शफीभाई अक्षदाला म्हणाले. "वायर बदलू का म्हून तू इचारलं व्हतंस. मीच नाय म्हनालो."

केंद्र गेलं ते गेलंच. तरीही कुंडलिकभाऊ तीन दिवस येडगावहून येत राहिले. तक्ता समोर ठेवून त्यांनी एकेक प्लग कापला आणि नव्याने बसवला. शेवटी सवयीने मला लावलं. मी आठही दिवे ओळीने लावले. अक्षदा जवळच उभी होती. तिने विचारलं, "काका, आधीपण एवढेच लागले होते ना?"

चुकीच्या वायरीला मी जे म्हणालो होतो, तेच बरोबर वायरीलाही म्हणत होतो. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

दिवाळीनंतर क्लासची पाटी उतरली आणि अक्षदा पुन्हा पुण्याला नोकरीला गेली. कुंडलिकभाऊ परत मोटारी भरू लागले. मी शफीभाईंच्या खणात पडून आहे. बॅटरी पाझरून पोट हिरवट झालंय, धाकटा भाऊ कुठे हरवला तेही माहीत नाही. शफीभाई खण उघडतात, मला पाहतात आणि बंद करतात.

मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखा कुणी छातीठोकपणे 'सगळं ठीक आहे' म्हणाला, तर त्याने नेमकं काय पाहिलंय ते आधी विचारा. आणि समोर उभी असलेली पोरगी जीव तोडून सांगत असेल की काहीतरी चुकतंय, तर माझ्या दिव्यांकडे बघू नका. तिच्याकडे बघा.