दारात सडा नव्हता त्या वर्षी

आमच्याकडे ईस्टरच्या रविवारी क्रूस घरोघर फिरतो. ज्याला तो घरात हवा असेल त्याने सकाळी उंबऱ्यापुढे फुलापानांचा सडा घालायचा. सडा नसेल तर क्रूसवाले घंटा वाजवत पुढे जातात. कोणी काही विचारत नाही. या वर्षी मी सडा घातला नव्हता.

सासूबाई सातलाच टोपलीभर कॅमेलिया तोडून आल्या होत्या.

"इदालिना, मी घालते. तुला वाकायला नको."

"नको, आई."

"तेल्मू घरी असता तर..." तेल्मू म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा.

"तो लक्झेंबर्गला आहे. आणि असता तरी मी नकोच म्हटलं असतं."

त्या टोपली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. या घरात क्रूस आला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही, हे त्यांचं आठवडाभर सांगून झालं होतं.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. जानेवारीत मला जुळं झालं, सातव्या महिन्यात. लेओनोर जगली. तादेव एकोणीस तास होता. त्याला पुरलं तेव्हा मी हॉस्पिटलात, हाताला सलाईन. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालंय. रडू येत नाही, रागही येत नाही. मी औषधाच्या दुकानात काम करते, बधिर करायची औषधं मला माहीत आहेत. हे तसलंच, फक्त उतरत नाही. लहानपणापासून त्या क्रूसाला ओठ लावताना माझ्या अंगावर काटा यायचा. यंदा तोही आला नाही तर? मग आत काही उरलेलं नाही हे पक्कंच झालं. ते मला इतक्यात कळायला नको होतं. त्यापेक्षा क्रूस परस्पर गेलेला बरा.

दुपारी तीनच्या सुमाराला शेजारच्या एर्मेलिंदाकडे घंटा वाजली. आमची तिची भिंत एकच. मी लेओनोरला खांद्यावर घेऊन उभी राहिले. आता घंटा थांबेल, मग लांब जाईल. ती लांब जाईना. आमच्याच दारात वाजली आणि दार उघडलं.

"ख्रिस्त उठला आहे! आलेलुया!"

लाल झगा घातलेले आबिलियुकाका क्रूस घेऊन थेट आत आले. सहा गावांना मिळून एकच फादर, त्यामुळे हल्ली क्रूस गावकरीच नेतात. मागून घंटा घेऊन त्यांची बायको सेलेश्त. दोघं दोन पावलांवर थबकली. टेबलावर ना पांढरी चादर, ना गोड पाव. खुर्च्यांच्या पाठींवर लंगोट वाळत होते.

"बाहेर तर सडा आहे," काका म्हणाले.

"एर्मेलिंदाचा असेल. वाऱ्याने इकडे आला."

"तरी मी म्हणतेय, तुझ्या सासूच्या, देओलिंदाच्या दारात एवढा विरळ सडा कसा!" सेलेश्तकाकू नवऱ्याकडे वळल्या. "चष्मा लावा म्हणून सकाळपासून ओरडतेय. तर म्हणे, मला क्रूस वाट दाखवतो. चांगली दाखवली!"

"प्रत्येक घरी एकेक पेला वाईन पाजतात, त्यात क्रूस काय करणार?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते ओशाळले. "चुकलं, पोरी. आम्ही आलोच नाही असं समज."

ते वळले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी एक शब्द जरी काढला असता तरी मी गप्प बसले असते. त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या.

"थांबा, काका. आलाच आहात तर..."

सासूबाईंनी गुडघे टेकले, ओठ लावले. मग क्रूस माझ्यापुढे आला. सकाळपासून शंभर-सव्वाशे तोंडं लागलेली. घरात सात पौंडांची पोर. मी स्पिरिटचा बोळा आणून ख्रिस्ताचे पाय पुसले.

"पूस, पूस," काका म्हणाले. "त्याने याहून वाईट सोसलंय."

मी ओठ लावले. गार धातू, स्पिरिटचा वास. थोडं थांबून पाहिलं. काका मला प्रार्थनेत समजून थांबले. काटा आला नाही. काहीच आलं नाही.

"घरातल्या गेलेल्यांसाठी एक प्रार्थना करू. नाव कोणाचं घेऊ?"

"आमचे हे, आर्मेनियु," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तादेव," मी म्हटलं. 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' सांगते त्याच आवाजात. तीन महिन्यांत हे नाव घरात कोणी माझ्यासमोर घेतलं नव्हतं. मीही नाही.

काकांनी आवाज खाली आणला नाही. आल्याबरोबर दिली होती तशीच हाळी. "आर्मेनियुसाठी आणि तादेवसाठी. ख्रिस्त उठला आहे, म्हणून तेही उठतील!" सेलेश्तकाकूंनी घंटा वाजवली. लेओनोर दचकून रडायला लागली.

ते पुढच्या घरी गेल्यावर सासूबाई खुर्च्यांवरचे लंगोट गोळा करायला लागल्या.

"काही वाटलं का तुला?"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"नाही."

"मलाही चार वर्षं वाटत नव्हतं. तुझे सासरे गेल्यावर. दर ईस्टरला सडा घालायचे, गुडघे टेकायचे. आत नुसता दगड."

"मग कशाला घालायचात?"

"मला वाटतंय की नाही ते बघून ख्रिस्त उठणार होता का?" त्यांनी एक लंगोट झटकला. "पहाटे त्याच्या कबरीपाशी गेलेल्या बायकांना तरी कुठे आनंद झाला होता? भ्यायल्या, पळत सुटल्या, कोणापाशी चकार शब्द काढला नाही. तरी कबर रिकामी ती रिकामीच."

मी लेओनोरला थोपटत होते. ती हुंदके देत शांत झाली.

"तादेवला कुठे ठेवलंय, मला दाखवाल?"

त्यांचे हात थांबले. "आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी एप्रन सोडून खुर्चीवर टाकला, चेहरा पुसला. "पोरीला टोपी घाल. चर्चमागे गार असतं."

मी टोपी घातली, कानांवर नीट ओढली. मला अजूनही काही वाटत नव्हतं. मी बूट चढवले.